शेवटच्या बाटलीला उत्तेजनार्थ

माझ्या नवऱ्याला, म्हणजे श्रीनाथला, कुणाचं काही वाईट आहे असं तोंडाने म्हणता यायचं नाही. लग्नाआधी मला हा गुण वाटला होता. आता तुम्हीच बघा. आमच्या खालच्या मजल्यावर एक मुलगा ट्रम्पेट शिकायचा. शिकायचा म्हणजे ट्रम्पेटचे हाल करायचा. श्रीनाथ त्याला जिन्यात गाठून "वा, फारच छान चाललंय तुझं" म्हणायचा. इथे जर्मनीत रविवारी भिंतीत खिळा ठोकायची सोय नाही, पण तो कार्टा याच्या जिवावर रविवारी दुपारीही वाजवायचा. न्हाव्याने एका कानावरचे केस जास्त उडवले तरी हा आरशात बघून "सेअर गूट", म्हणजे फारच छान, म्हणणार आणि वर टिप ठेवून येणार. मी चिडले की म्हणायचा, "अगं शुभा, वाईट सांगून काय मिळतं?" बरीच वर्षं मला याला उत्तर सुचलं नव्हतं.

आम्ही २००२ साली एर्लांगेनला आलो. श्रीनाथ तिथल्या मोठ्या कंपनीत स्कॅनिंग मशिनचं सॉफ्टवेअर करतो. शहरात भाडी परवडेनात म्हणून आम्ही बसने वीस मिनिटांवरच्या एका गावात घर घेतलं. आमच्या समोरच्या घरात डेनरलाइन आजोबा राहायचे. आजोबा मी म्हणते, आमची मुलगी उर्जा त्यांना जर्मनमध्ये 'ओपा' म्हणायची, अर्थ तोच. कोनराड डेनरलाइन, आयुष्यभर फिटरचं काम करून निवृत्त झालेले, उंच, कमी बोलणारे. बोलले तरी तिथल्या फ्रँकन बोलीत, म्हणजे न बोलल्यासारखंच. त्यांची बायको रोझमारी मात्र दोघांचं मिळून बोलायची.

एका शनिवारी सकाळी त्यांच्या तळघराच्या खिडकीतून वास आला. आई सातू भाजायची ना, अगदी तसा. मी नुसता वास घेतला, श्रीनाथ वासाच्या मागे गेला आणि दुपारी घामाघूम होऊन परतला. तळघरात बियर शिजत होती आणि हा चार तास मोठ्या लाकडी पळीने भरडलेला माल्ट, म्हणजे मोड आणून सुकवलेला सातू, ढवळत बसला होता. पुढच्या शनिवारी पुन्हा गेला. वर्षभरात आमच्याच तळघरात पिंपं आली. सासूबाईंना मी फोनवर सांगून टाकलं, "अहो आई, तुमचा मुलगा घरात बियर करतो." त्यांनी विचारलं, "विकत नाही ना?" म्हटलं, नाही, इथे घरापुरती केली आणि कस्टमवाल्यांना कळवलं की चालतं. "मग करू दे," त्या म्हणाल्या, "बाहेर जाऊन पिण्यापेक्षा बरं."

जर्मनीत तीन माणसांना एकच छंद असला की चौथ्या दिवशी त्यांचा फेराइन होतो, म्हणजे मंडळ. घरी बियर करणाऱ्यांचाही होता, आणि तो डेनरलाइन आजोबांनीच पंचवीसेक वर्षांपूर्वी काढलेला. त्यांनी श्रीनाथला हाताला धरून तिथे नेलं. दर महिन्याला सगळे गावातल्या गास्टहाउसच्या, म्हणजे खानावळीच्या, मागच्या खोलीत जमायचे, एकमेकांच्या बाटल्या उघडायचे आणि वाद घालायचे. वर्षातून एकदा स्पर्धा असायची. तीही तशीच. ज्याचा आवाज मोठा त्याची बियर पहिली.

आता श्रीनाथ साताऱ्याचा. त्यांच्या कॉलनीच्या गणेशोत्सवात हा कॉलेजभर स्पर्धांचा चिटणीस होता. वक्तृत्व, रांगोळी, पाककला, संगीत खुर्ची, सगळं याच्याकडे. फेराइनमधला गोंधळ बघून त्याचे हात शिवशिवायला लागले. २००७च्या उन्हाळ्यात त्याने मीटिंगमध्ये बोट वर केलं आणि स्पर्धा अंगावर घेतली. मग काय, आमच्या जेवणाच्या टेबलावर जेवण सोडून सगळं आलं. बाटल्यांवर नावं नाहीत, फक्त नंबर. नंबर कुणाचा हे बंद पाकिटात, पाकिटं खजिनदाराकडे, ती उघडायची थेट स्टेजवर. परीक्षक तिघे आणि तिघेही बाहेरगावचे, त्यात फोर्शहाइमकडच्या एका छोट्या ब्रुअरीची ब्राउमाइस्टर, म्हणजे बियर करणारी मुख्य बाई. परीक्षकांना शाल द्यायचा बेत मी हाणून पाडला. एशियन शॉपमधून आणलेले तीन नारळ मात्र त्याने दिलेच. त्या बाईंनी नारळ दोन्ही हातांत धरून तो कशाशी खायचा असा चेहरा केला होता.

आणि उत्तेजनार्थ बक्षीस. हे त्याच्या कॉलनीचं खास. बाकी ठिकाणी उत्तेजनार्थ म्हणजे चौथा-पाचवा नंबर. त्यांच्याकडे मंडळाचे रमेशकाका ते सरळ शेवटून पहिल्याला द्यायचे, म्हणजे ज्याला सगळ्यात कमी मार्क त्याला. हेतू हा की पोरगं रडत घरी जाऊ नये आणि पुढच्या वर्षी परत यावं. श्रीनाथच्या मते सबंध गणेशोत्सवात याच्याइतकी थोर गोष्ट दुसरी नव्हती. फेराइनच्या लोकांना त्याने 'एर्मुंटेरुंग्सप्राइस' असं त्याचं नाव सांगितलं, धीर देण्यासाठीचं बक्षीस. अध्यक्ष क्राउस यांनी विचारलं, "म्हणजे, सगळ्यात वाईट बियरला बक्षीस?" श्रीनाथ म्हणाला, "वाईट नाही हो, नवीन. नवखा माणूसच शेवटी येणार ना? त्याला धीर नको का द्यायला?" त्या वर्षी पाच-सहा नवीन पोरं फेराइनमध्ये आली होती. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, खोटं कशाला बोलू.

स्पर्धा ऑक्टोबरात, शनिवारी दुपारी झाली. गास्टहाउसचा हॉल भरला होता. मी बियर पीत नाही, मी आपली शोर्ले, म्हणजे सोडा घातलेला सफरचंदाचा रस, घेऊन उर्जाबरोबर मधल्या टेबलावर बसले होते. डेनरलाइन आजोबा पहिल्या टेबलावर, कोट घालून, टोपी गुडघ्यावर. रोझमारी दोन वर्षांपूर्वी गेली तेव्हापासून ते आणखी गप्प झाले होते, पण बियर करायचे थांबले नव्हते. उलट जास्तच करायचे आणि गावभर वाटायचे.

श्रीनाथ स्टेजवर गेला. त्याच्या अंगातला कॉलनीचा चिटणीस जागा झाला होता. पद्धत त्यांच्याकडचीच, आधी उत्तेजनार्थ, मग वर चढत जायचं. नुसतं पाकीट फोडून नाव वाचावं की नाही? नाही. आधी भाषण. "बाटली नंबर सतरा," तो म्हणाला. "ही बियर ज्याने केली त्याला मी सांगतो, निराश होऊ नकोस. सगळे असेच शिकतात. आम्ही अनुभवी लोक तुझ्या पाठीशी आहोत. स्वच्छतेकडे जरा लक्ष दे, आणि पुढच्या वर्षी तुझी बियर नक्की सुधारेल." लोकांनी टाळ्या वाजवल्या. नवीन पोरं एकमेकांना कोपरं मारत हसत होती.

मग त्याने पाकीट फोडलं.

मी त्याचा चेहरा बघितला. हा माणूस उर्जा जन्मली तेव्हासुद्धा इतका पांढरा पडला नव्हता. त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. हॉल वाट बघत होता. मी मनात म्हणत होते, वाच, दुसरं काहीतरी वाच, कुठल्याही पोराचं नाव घे, कोण बघायला येणार आहे तिथे! आणि तो शहाणा मोठ्याने म्हणाला, "कोनराड डेनरलाइन."

कुणीतरी सवयीने टाळी वाजवली आणि एका टाळीवर थांबला. डेनरलाइन आजोबा उठले. शांतपणे स्टेजवर गेले, बक्षिसाची माल्टची पिशवी घेतली, "डांके" म्हणाले. खाली येऊन पिशवी खुर्चीवर ठेवली, टोपी डोक्यावर घातली आणि बाहेर पडले. पुढे पहिलं बक्षीस कुणाला मिळालं ते मला आजही सांगता येणार नाही.

घरी आल्यावर मी त्याला सोडला नाही. "दुसरं नाव वाचता येत नव्हतं तुला?"

"कुणाचं वाचणार होतो? ते खोटं झालं असतं."

"म्हाताऱ्या माणसाचा भर सभेत असा पाणउतारा झाला, त्यापेक्षा खोटं परवडलं असतं. आणि ते भाषण! स्वच्छतेकडे लक्ष दे म्हणे! ज्यांनी तुला पळी धरायला शिकवलं त्यांना!"

तो खाली मान घालून बसला. मग हळूच म्हणाला, "पण शुभा, ती खरंच वाईट आहे गं. ईस्टरला त्यांनी दिलेली होती ना, तीसुद्धा आंबलेली होती. सगळ्यांना माहितीय. दोन वर्षं त्यांची बियर बिघडतेय."

"मग तू ईस्टरला काय म्हणालास त्यांना?"

"फार छान म्हणालो."

"आणि बाकीचे?"

"तेही तेच म्हणतात. फेराइन त्यांनी काढलाय. कोण सांगणार?"

मला इतका राग आला की मी सिंकमधली धुतलेली भांडी परत धुतली. म्हणजे अख्खा फेराइन दोन वर्षं त्या माणसाच्या तोंडावर छान छान करत होता, आणि खरं सांगितलं ते एकदम माइकवरून.

दुसऱ्या दिवसापासून समोरच्या घराचे रोलाडन, म्हणजे खिडक्यांवरची शटरं, खाली. सकाळी दहाला सुद्धा उघडेनात. श्रीनाथ दोनदा जाऊन बेल वाजवून आला, दार उघडलं नाही. रोझमारी होती तेव्हा ती गॅलरीतून ओरडून विचारायची की तुमच्याकडे आज काय शिजतंय. आता ते घर नुसतं आमच्याकडे पाठ करून बसलं होतं. श्रीनाथने त्या शनिवारी बियर लावली नाही, पुढच्याही नाही. ट्रम्पेटवाला जिन्यात भेटला तर त्याच्याकडे न बघता वर आला. रात्री जेवताना म्हणाला, "माझ्या बाबांना मी कधी असं बोललो नव्हतो." मग मात्र माझा राग उतरला. त्याला या देशात मित्र म्हणावा असा हा एकच माणूस होता, सत्तरीचा आणि कमी बोलणारा.

उर्जाने एकदा खिडकीतून बघत विचारलं, "वारूम इस्ट ओपा ब्योझ?" ओपा का रागावलाय. तिला मराठी सगळं कळतं, बोलते जर्मनमध्ये. मी म्हटलं, बाबाला विचार. बाबा उठून बाथरूममध्ये गेला. दोन आठवडे असे गेल्यावर एका रविवारी मी उर्जाला मैत्रिणीकडे सोडलं, श्रीनाथच्या अंगावर जॅकेट फेकलं आणि म्हटलं, "चल. बेल मी वाजवते. आज दार नाही उघडलं तर खिडकीवर वाजवू."

दार पहिल्याच बेलला उघडलं.

"आलास?" डेनरलाइन आजोबा म्हणाले. मला बघून टोपीला हात लावला. "या. खाली."

तळघरात टेबलावर एक बाटली आणि तीन ग्लास होते. भिंतीशी बियरचं मोठं पिंप. बियर शिजवायचा चकचकीत तांब्याचा हंडा, पांढऱ्या फरशा, सगळं जागच्या जागी. श्रीनाथने तोंड उघडलं, बहुधा माफी मागायला. आजोबांनी हात वर करून त्याला थांबवलं. ग्लास भरला आणि त्याच्यासमोर सरकवला.

"पी."

श्रीनाथ प्यायला.

"कशी आहे?"

मी माझ्या नवऱ्याला ओळखते. 'छान' हा शब्द त्याच्या ओठांपर्यंत आलेला मी डोळ्यांनी बघितला. म्हातारा त्याच्याकडे असा बघत होता की मला वाटलं, आता हा काहीही बोलला तरी आपण संपलो. खरं बोलला तर दुसऱ्यांदा अपमान आणि खोटं बोलला तर स्पर्धा खोटी. श्रीनाथने ग्लास खाली ठेवला.

"आंबट आहे," तो म्हणाला. "वासही चांगला नाही. ही टाकून द्यावी लागेल."

"आणि ईस्टरची?"

"तीसुद्धा."

"ईस्टरला तू छान म्हणाला होतास."

"हो. खोटं बोललो होतो."

डेनरलाइन आजोबा एका बाटल्यांच्या क्रेटवर मटकन बसले. मी घाबरून पुढे झाले. ते दोन्ही हातांनी तोंड पुसत होते. "गॉट झाय डांक," ते म्हणाले. देवाचे आभार. मग पुन्हा एकदा तेच म्हणाले.

त्यांचं बोलणं मी माझ्या मराठीत सांगते, त्यांच्या बोलीतलं मला जेवढं कळलं तेवढं. फार वर्षांपूर्वी ते कामावर शिडीवरून डोक्यावर पडले होते. बरे झाले, पण वास यायचा बंद झाला. कायमचा. कॉफीचा नाही, फुलांचा नाही, बियरचा नाही. वास नाही म्हणजे चवही जवळजवळ नाही. बियर करणाऱ्याला नाक नाही हे सांगणार कुणाला? फक्त रोझमारीला माहीत होतं. ती प्रत्येक पिंप उघडलं की जिना उतरून यायची, एक घोट घ्यायची आणि म्हणायची, "चांगली" किंवा "टाक". ती टाक म्हणाली की ते टाकायचे. कधी विचारलं नाही का म्हणून.

"ती गेल्यावर मी तुम्हा सगळ्यांना पाजायला लागलो," ते म्हणाले. "तुम्ही सगळे छान म्हणालात. मी विश्वास ठेवला. मला वाटलं, जमतंय मला एकट्याला. रोझीला मी मनात सांगायचोसुद्धा, बघ, जमतंय."

श्रीनाथच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही. मला त्या क्षणी सबंध फेराइनच्या कानाखाली वाजवावंसं वाटत होतं, सुरुवात घरापासून.

"मग तुझं बक्षीस मिळालं," आजोबा म्हणाले. "पहिले काही दिवस मला तुझी मान मोडायची होती. फेराइनमधल्या एकेकाला फोन करून विचारलं. सगळे म्हणाले, परीक्षकांना कळत नाही, तुझी बियर उत्तम असते. क्राउस तर शपथ घ्यायला निघाला. मग त्या फोर्शहाइमच्या बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, आंबलेली होती. आता मी कुणाचं खरं मानायचं? त्या बाईंना मी ओळखत नाही. म्हणून ठरवलं, तू येशील. तू येऊन छान म्हणालास तर हा हंडा विकून टाकायचा आणि बियर बंद. आता खरं सांगेल असा माणूसच उरला नाही तर करायची कशाला?"

"बेल वाजवली होती मी," श्रीनाथ म्हणाला. "दोनदा."

"तेव्हा राग गेला नव्हता." आजोबा म्हणाले. "स्टेजवर तुझं तोंड बघूनच मला कळलं होतं, माझं नाव निघालंय. मला वाटलं, हा आता दुसरं काहीतरी वाचणार. अगदी तसंच केलं असतंस, तर मी मरेपर्यंत आंबट बियर वाटत फिरलो असतो आणि तुम्ही ती कुंड्यांत ओतली असती."

श्रीनाथ एकदम लाल झाला. आमच्या खिडकीतले जिरॅनियम त्या उन्हाळ्यात का गेले, ते मला तेव्हा समजलं.

पण मग बियर बिघडते कशाने? दोघे पिंपं तपासायला लागले, झाकणं, नळ, बाटल्यांची रबरं. मी उगीच उभी राहून काय करू, मी एकेक वस्तू उचलून नाकाला लावू लागले. घरात रोज दूध, डाळ, कालची भाजी हेच करत असते. खुंटीवर प्लॅस्टिकची लांब नळी टांगलेली होती, पिंपातून बियर बाटल्यांत भरायची. ती नाकाशी धरली आणि मला मळमळलं. उजेडात बघितलं तर आतून काळा बुळबुळीत थर.

"ही कधी बदलली होती?"

आजोबा नळीकडे बघत राहिले. "नळी?" ते म्हणाले. "नळी रोझी आणायची. दर वसंतात नवी." त्यांनी ती माझ्या हातातून घेतली, गुंडाळली आणि कचऱ्याच्या बादलीत टाकली.

त्यानंतर आम्ही तिघांनी मिळून पिंप मोरीशी सरकवलं आणि सगळी बियर ओतून दिली. फेस मोरीच्या जाळीवर चढला, तळघरभर तो घाण वास सुटला आणि मला इतकं हायसं वाटलं की मी मोठ्याने हसले. आजोबांनी विचारलं, "फार येतोय का वास?" श्रीनाथ म्हणाला, "भयंकर." आणि तेही हसायला लागले.

पुढच्या शनिवारी सकाळी सातला श्रीनाथ नवी नळी घेऊन समोर गेला. दुपारपर्यंत आमच्या घरात सातू भाजल्याचा वास पसरला होता. ट्रम्पेटवाल्याला त्या संध्याकाळी जिन्यात गाठून त्याने सांगितलं, "हे बघ, वरचे सूर लागत नाहीत तुला, आधी खालचे कर." पोराने तोंड वाकडं केलं, पण रविवारी वाजवलं नाही.

ती बियर जानेवारीत तयार झाली. पहिली बाटली उघडायला आम्हाला बोलावलं होतं. क्राउसही आले होते, जरा चोरट्यासारखे. ग्लास भरले. डेनरलाइन आजोबांनी स्वतःच्या ग्लासाला हात लावला नाही. क्राउसनी घोट घेतला आणि म्हणाले, "उत्तम!" आजोबांनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते श्रीनाथच्या तोंडाकडे बघत होते. श्रीनाथने वास घेतला, घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला. त्याला घाई नव्हती.

"चांगली," तो म्हणाला.

आजोबांनी मान हलवली, आणि मग आपला ग्लास उचलला.